ती चरबी बोकडाची होती

टाचेच्या भेगांना लावायच्या त्या डबीत कोणाची चरबी आहे, हे तुम्ही कधी विचारलंत?

हा प्रश्न तुम्ही आधी कुठंतरी वाचला असेल. दोन वर्षांपूर्वी, हळद काढणीच्या दिवसांत, आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात एक पत्रक वाटलं गेलं. गुलाबी कागद, एकाच बाजूनं छापलेला. मग त्याचा फोटो मोबाइलवर फिरला – कुरुंद्यात, औंढ्यात, कुठं कुठं. बायकांनी हळदीच्या ढिगाजवळ बसून तो एकमेकींना वाचून दाखवला. त्याची पहिली ओळ हीच होती. आणि खाली, नावाच्या जागी, होतं – ‘एक जागरूक नागरिक’.

तो जागरूक नागरिक मी आहे. हे मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

पण थांबा. पत्रक लिहिलं हा माझा दोष नाही. पत्रकं मी पुष्कळ लिहिली, आणि त्यातली बहुतेक आजही माझ्या नावानिशी उभी आहेत. दोष दुसराच आहे. तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. वाट चुकते म्हणून नव्हे – वाट पाठ आहे, म्हणूनच पाय मागं येतात.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील – आम्ही त्यांना दादा म्हणतो – एसटीत कंडक्टर होते. ज्या गावी गाडी मुक्कामाला जाई, तिथून चळवळीचे कागद घेऊन येत. आमच्या कुरुंद्याच्या घरात पिठाच्या डब्याखाली, फडताळात, वहीच्या पुठ्ठ्यावर पत्रकंच होती. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावर. शाळेतल्या बाई ‘क कमळाचा’ म्हणत तेव्हा मला आधीच ‘हक्क’ हा शब्द जोडाक्षरासकट लिहिता येत होता. दादा पत्रक हातात घेतलं की आधी खालची ओळ वाचत. नाव आहे का? नसेल तर कागद बाजूला. म्हणत, ज्याला नाव टाकायची हिंमत नाही त्याचं म्हणणं मी काहून ऐकू?

घरात आणखी एक नियम होता. चरबी घरात आणायची नाही. मटण चालत होतं, सणावाराला होतच होतं – पण कढवलेली चरबी, तिचा डबा, तिचा वास, नाही. कारण सरळ होतं. माझ्या पणजोबांच्या काळात गावातली मेलेली ढोरं ओढणं आमच्या लोकांच्या वाट्याला होतं. ते काम सोडलं, तेव्हा त्या कामाचा वासही सोडला. दादा म्हणत, त्या वासातून आपण पायी चालत बाहेर आलोय, आता मागं वळायचं नाही. ह्या नियमाबद्दल मला आजही आदर आहे. मी त्याचं पुढं काय केलं, ते सांगायचं आहे.

दहावीत असताना माझ्या डोक्यावर चाई पडली. कानाच्या वर, रुपयाएवढा गोल, गुळगुळीत. महिन्याभरात दुसरा गोल. आरशात पाहायचं मी सोडलं. शाळेत ओढणी डोक्यावरून घ्यायला लागले, तर पोरी म्हणाल्या, लग्न ठरलं का गं? नांदेडच्या डॉक्टरांनी मलम दिलं, लावत राहा म्हणाले, येतील. आईला ‘येतील’ पुरेना. एका सकाळी, मावशीकडं चाललोय असं दादांना सांगून, ती मला बाळापूरच्या अलीकडच्या तांड्यावर घेऊन गेली. झमकूबाईकडं.

झमकूबाई तांड्यावरची बाई. तिच्या सासूपासून तिच्याकडं एक लेप आला होता. बोकडाची चरबी, मधाच्या पोळ्याचं मेण, करंजाचं तेल आणि हळद. तांड्यावर नवसाचं बोकड कापलं की त्याची चरबी तिला द्यायची रीत होती. लेपासाठी म्हणून तिनं जनावर कधी कापलं नाही. कापलेल्याचं जे उरे, ते ती कढवी. हळदीच्या हंगामात गड्डे मोडून, हळकुंडं वेगळी करून बायकांच्या हातापायांना भेगा पडतात – अशा, की भाकरी थापताना रक्त लागतं. त्या बायका तिच्याकडून डबी घेत. पण पहिल्या खेपेला ती डबी हातात देत नसे. आधी पाय पुढं कर म्हणे. टाच स्वतःच्या मांडीवर घेई आणि अंगठ्यानं एकेका भेगेत लेप भरी. काळी असो, गोरी असो, कोणाचीही टाच. मग म्हणे, आता अशी लाव.

आम्ही गेलो त्या दिवशी तांड्यावर बोकड पडलं होतं. मी पाहिलं. मुळापासून पाहिलं – पोटातून काढलेला चरबीचा पांढरा पडदा, परातीतलं त्याचं थरथरणं, मग कढई, मग फडक्यातून गाळणं. मी तोंड फिरवलं आणि रडायला लागले. झमकूबाईनं माझं डोकं मांडीवर ओढलं आणि म्हणाली, “रडू नको गं पोरी. डोकं हाय, घागर न्हाई, फुटत न्हाई.” आई हसली. कित्येक दिवसांनी हसली.

तीन-चारदा गेलो. डॉक्टरांचं मलमही चालूच होतं. मग त्या गोलांत आधी पांढरी लव आली, मग काळे केस. कशानं आले? खरं सांगते, मला माहीत नाही. पुढं एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अशी चाई पुष्कळदा आपोआप भरते. भेगांचं मात्र वेगळं, म्हणाल्या – चरबी असो, मेण असो, फाटलेल्या कातडीवर थर बसला की आतला ओलावा टिकतो, जखम मिटते. म्हणजे टाचांना गुण येत होता तो काही जादू नव्हती. केसांचं मी ठामपणे सांगू शकत नाही. एवढंच सांगू शकते की दहावीच्या परीक्षेला मी डोक्यावर ओढणी न घेता बसले.

हे दादांना आम्ही सांगितलं नाही. आईनं नाही, मी नाही.

कॉलेजात गेल्यावर मी मटण सोडलं. आई म्हणाली, “बरं झालं, तुझ्या वाटणीचं मला.” मी चिडले, कारण मी गंभीर होते. आम्ही पाच-सहा जणांनी एक गट केला आणि सौंदर्याच्या नावाखाली जनावरांचं काय होतं, ह्यावर लिहायला लागलो. यात्रेत घोरपडीचं तेल विकणारे तुम्ही पाहिले असतील – पाय बांधलेली जिवंत घोरपड समोर, बाजूला बाटल्या. ओठांच्या मलमात मेंढीच्या लोकरीचं मेण असतं, भारी क्रीममध्ये माशाच्या लिव्हरचं तेल असू शकतं, साबणात प्राण्याची चरबी असू शकते, आणि डबीच्या पाठीमागं ते अशा बारीक अक्षरांत आणि अशा नावानं लिहिलेलं असतं की कोणाला कळू नये. मी दुकानात उभी राहून डब्या उलट्या करून वाचत असे. दुकानदार म्हणायचा, ताई, घ्यायचं का परीक्षा द्यायची? मला संशयाची सवय लागली. चांगली सवय आहे ती, असं मी अजूनही म्हणते. पण संशय ज्याच्यावर घ्यायचा तो आपल्यापेक्षा मोठा आहे की लहान, हे मी कधी पाहत नव्हते.

आता त्या दिवसाकडं येते.

औंढ्याला एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. मी बरं बोलते. त्या दिवशी फारच बरं बोलले. प्राण्याची चरबी अंगाला लावणं म्हणजे एका जिवाचा शेवट आपल्या कातडीवर चोळणं, असं एक वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. मग विचारलं, कोणाला काही शंका? मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिच्या डोळ्यांतलं हसू मला लांबूनही दिसलं. ती काजल होती, झमकूबाईची सून. लग्नानंतर बी.ए. करत होती. तिनं मला तांड्यावर कधी पाहिलं नसणार; सासूनं सांगितलं असणार.

“ताई, एक इचारू? दहावीत तुमच्या डोक्याला काय लावलं होतं वो?”

पोरी हसल्या. त्यांना वाटलं, माझ्या लांब वेणीवरून चेष्टा चालली आहे.

मी म्हणाले, “खोबरेल.”

“आसंल,” काजल म्हणाली. “आमच्याकडं त्या खोबऱ्याला शिंगं असत्यात.”

पुन्हा हशा. कोणालाच काही कळलं नव्हतं. ती बसली. संपलं. ती पुढं काही बोलणार नव्हती, तिचा तो स्वभावच नव्हता – हे आज कळतं. त्या वेळी नाही कळलं. कुरुंद्याला परत येताना गाडीत मी एकच हिशेब करत होते. हिला माहीत आहे. म्हणजे तांड्याला माहीत आहे. उद्या कोणीतरी म्हणेल, ही जी बोलते ना, हिचे केस चरबीवर आलेत. परवा ते दादांच्या कानावर जाईल. काय करावं?

प्रामाणिक माणसानं काय केलं असतं? पुढच्या भाषणात स्वतःच सांगितलं असतं. हो, मीही लावली होती, पंधरा वर्षांची होते, रडत होते. त्यानं माझं म्हणणं कमजोर झालं नसतं. उलट ऐकणाऱ्यांना वाटलं असतं, ही आपल्यातली आहे.

मी काय केलं? मी आधी वार केला. त्या बाईचा शब्द कोणी मानणार नाही, अशी तिची अवस्था करून टाकली.

पत्रक लिहायला मला तासही लागला नाही. त्यात एकही विधान खोटं नव्हतं, कारण त्यात विधानच नव्हतं. सगळे प्रश्न. कोणाची चरबी? मारलेल्या जनावराची की मेलेल्या? तांड्यावरून येणाऱ्या ह्या डब्यांची तपासणी कोण करतं? आणि शेवटी एक ओळ – ती मला अक्षरशः पाठ आहे, पाठ राहावी हीच शिक्षा – ‘ज्याचं नाव घ्यायलाही जीभ धजत नाही, अशा जनावराची तर ही चरबी नाही ना?’

वसमतला छपाईवाल्याकडं गेले. तो म्हणाला, “खाली नाव कोणाचं टाकू?” मी म्हणाले, एक जागरूक नागरिक. तो मान हलवून हसला. “लई जागरूक येतात हितं. नाव मातर समद्यांचं एकच असतंय.”

आता मुख्य गोष्ट. त्या ओळीत माझ्या मनात घोरपड होती, असं मी स्वतःला वर्षभर सांगत आले. घोरपड मारणं गुन्हा आहे, तिच्याविरुद्ध मी आधी लिहिलंच होतं, त्यामुळं तेच मनात असणार – नाही का?

नाही. घोरपडीचं नाव घ्यायला कोणाची जीभ अडते? आजच्या दिवसांत कोणत्या जनावराच्या नुसत्या संशयावर माणसं रस्त्यात अडवली जातात, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी ते नाव लिहिलं नाही. वाचणाऱ्यानं स्वतः भरावं म्हणून जागा मोकळी सोडली. ती ओळ लिहिताना मी थांबले होते. खोडावी का, असं मनात आलं होतं. मी ठेवली. विचार करून ठेवली. आणि ती चरबी बोकडाची होती हे मला माझ्या डोळ्यांनी माहीत होतं. ही माझी कबुली. बाकी सगळं तिच्याभोवतीचं.

पत्रक वाटलं त्याच्या पुढच्या बाजाराला मी बाळापूरला गेले. कशाला गेले? परिणाम पाहायला. दुसरं काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

झमकूबाई नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात फडकं, त्यावर डब्या, मागं लेपाचा मोठा डबा. मी पलीकडं मिरच्यांच्या ढिगाजवळ उभी होते. चार जण आले. गळ्यात रुमाल, हातात मोबाइल. एकानं पायानं डबा उघडला. हातानं नाही – पायानं.

“कशाची हाय?”

“बोकडाची हाय, बाबा. माझ्या हातची हाय. वास घे.”

“मग काय उगंच छापलं व्हय त्यांनी?”

ह्या वाक्यावर झमकूबाईनं पुन्हा डबीच पुढं केली. दुसरं काय करणार? तिला वाचता येत नाही. छापलेल्या कागदाला काय म्हणायचं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. मी दहा पावलांवर होते. एक वाक्य पुरलं असतं – मी पाहिलंय, बोकडाचीच आहे. मी मिरच्या निवडत राहिले. मोडक्या बाजूला, चांगल्या टोपलीत. विकणारी म्हणाली, “ताई, घ्यायच्या तर घ्या, निस्त्या चिवडू नका.” मी घेतल्या.

मग पोलीस आले. त्यांनी मारहाण होऊ दिली नाही, हे मी नोंदवते. डबा आणि डब्या तपासणीला म्हणून नेल्या. अहवाल काय आला? आला का? मला माहीत नाही. झमकूबाईला कोणी काही कळवलं नाही. ‘बोकडाची होती’ असं कोणी म्हटलं नाही, ‘नव्हती’ असंही नाही. संशयाला तेवढंच पुरतं.

ती त्यानंतरही दोन बाजार येऊन बसली. डब्या नव्हत्या, थोडा नवा लेप वाटीत घेऊन बसली. एकाही बाईनं पाय पुढं केला नाही. ज्यांच्या टाचा तिनं वर्षानुवर्षं मांडीवर घेतल्या, त्या समोरून पदर सावरून गेल्या. तिसऱ्या बाजाराला ती आली नाही.

त्याच आठवड्यात घरी दादांनी ते पत्रक वाचलं. कोणीतरी त्यांच्या हाती दिलं होतं. मी जेवत होते. त्यांनी सवयीनं आधी खाली पाहिलं, मग वर, मग सगळं वाचलं. म्हणाले, “ज्यानं लिहिलं त्याला लिहिता येतं. लाज तेवढी न्हाई.” कागदाची घडी केली आणि खिडकीत ठेवली. माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी ओळखलं होतं का? मला वाक्य कुठं तोडायचं हे त्यांनीच शिकवलंय. त्यांना ओळखू आलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी त्यांच्या न विचारण्याच्या आड बसून राहिले. अजून तिथंच आहे. हा मजकूर ते वाचतील तेव्हा उठावं लागेल.

आईनं तर त्याच क्षणी ओळखलं. रविवारी ती माझ्या केसांना तेल लावत असे, मी मोठी झाल्यावरही. त्या रविवारी तेलाची वाटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, “तूच लाव. झमकूबाईनं तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं गं.” एवढंच. त्यानंतर तिनं माझ्या डोक्याला हात लावला नाही.

पणजोबांबद्दल मी वर सांगितलं. त्यांना लोक काय म्हणत असतील? कशाला हात लावतो, कोणाचं मेलेलं ओढतो, लांब हो. चरबीच्या वासावरून माणसाला लांब ठेवायचं, हे हत्यार आमच्यावर चाललेलं होतं. आमच्या घरानं चरबीला नकार दिला तो स्वतःच्या मानासाठी. मी त्याच नकारातून दुसऱ्या बाईला लांब ठेवायचं हत्यार घडवलं. आणि वर त्याला तत्त्व म्हटलं.

सहा महिन्यांनी मी तांड्यावर गेले. सांगायला गेले होते – असं घरातून निघताना तरी ठरलं होतं. झमकूबाई बाजेवर बसली होती. तिनं मला ओळखलं, जवळ बसवलं, आणि विचारायच्याही आधी माझ्या कानाच्या वर बोटं घालून चाचपलं. “आलेत की बराबर,” म्हणाली. मग, “तू लिहितीस म्हणं. आमची काजल सांगती, लई चांगलं लिहितीस. माझ्यासाठी एक कागद लिही की गं पोरी. जास्त नगं. चरबी बोकडाची हाय, एवढंच. छापलेलं दाखवलं की लोक गप बसत्यात.”

मी काय म्हणाले असेन?

“लिहिते, मावशी,” म्हणाले.

चहा पिऊन परत आले. लिहिलं नाही. एक ओळ होती. मी त्या दीड वर्षात इतर किती पानं लिहिली! नद्यांवर लिहिलं, शाळांवर लिहिलं, एका कंपनीच्या क्रीमवर लिहिलं. ती ओळ लिहिली असती तर लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? त्याचं उत्तर माझ्या डोक्यावर होतं.

गेल्या महिन्यात मी काजलला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही, आणि ते मला जास्त लागलं. तिला माहीतच होतं. त्या कॉलेजातल्या दिवसानंतर आठ दिवसांत पत्रक निघालं, तेव्हाच तिनं ताडलं होतं. सासूला तिनं सांगितलं नव्हतं. उलट मुद्दाम, ही चांगली लिहिते, हिला लिहायला सांग, असं तीच सासूला म्हणाली होती. “म्हटलं पाहू तरी,” ती म्हणाली, “किती दिवस लागत्यात तुमाला.”

मी म्हणाले, मी आत्ताच मावशींकडं येते, पाया पडून सांगते.

“नगं,” काजल म्हणाली. “आमची सासू तुमाला माफ करंल. लगीच करंल, तिला कळायचं बी न्हाई काय केलं ते. मला ते नगं हाय. ज्यांनी वाचलं त्यांना सांगा आधी. मग या.”

म्हणून हे लिहिते आहे. ह्यात हिंमत नाही. दोन वर्षांनी, सापडल्यावर, काजलनं सांगितल्यावर लिहिते आहे. ह्या लेखावरही संशय घ्या – मी बरं लिहिते, आणि बरं लिहिणारी माणसं स्वतःचा अपराधसुद्धा बरा दिसेल असा मांडतात.

झमकूबाई आता लेप करत नाही. नवसाच्या बोकडाची चरबी तांड्यावर कुत्र्यांपुढं जाते. हंगामात ती हळदीच्या कामाला जाते, दुसऱ्यांसारखे गड्डे मोडते, आणि तिच्या हाताला भेगा आहेत. घरात औषधाच्या दुकानातली क्रीमची नळी आहे. तांड्यावर गेले होते तेव्हा मी ती उलटी करून वाचली – सवय. मेंढीच्या लोकरीचं मेण आहे त्यात. त्या मेंढीला काय झालं, तिला कोणी कातरलं, कसं कातरलं, कोणी विचारत नाही. बाजारात त्या नळीचं टोपण कोणी पायानं उघडत नाही.

जनावर मारून सुंदर होऊ नये, हे माझं मत बदललेलं नाही. नवसाला बोकड कापू नये, असंही मला वाटतं, आणि हे मी झमकूबाईला तिच्या बाजेवर बसून सांगेन. ती माझ्याशी भांडेल, भांडू दे. तेवढा तिचा हक्क होता. मी तो तिला दिला नाही. मी तिच्याबद्दल प्रश्न विचारले – तिला सोडून सगळ्यांना.

मला काही नको. माफी नको, ‘कबूल तरी केलं’ अशी शाबासकी तर मुळीच नको. माझं नाव प्रज्ञा आहे, मी कुरुंद्याची आहे, पत्रक माझं आहे. मागणं आहे ते तिच्यासाठी, आणि ते तुमच्याकडं आहे, कारण पत्रक तुम्ही वाचलं होतं, कदाचित पुढंही पाठवलं होतं.

ते जिथं वाचलंत तिथं जा. हळदीच्या ढिगाजवळ, बचत गटात, मोबाइलवरच्या त्याच गटात. सांगा – ती चरबी बोकडाची होती, आणि लिहिणारीला ते माहीत होतं. कोणी म्हणालं, कशावरून? तर विचारणारीला सोबत घेऊन तांड्यावर जा. झमकूबाईच्या समोर बसा, तिलाच विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठू नका.